आवाज : नाही

आण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय. हसू नका. मैंदर्गीच्या एका दवाखान्यासाठी मी पेशंटचे नंबर पुकारणारा प्रोग्रॅम लिहिला. सोलापुरात माझ्या मशीनवर तो खणखणीत बोलतो. दवाखान्यातल्या मशीनवर तोच मूळ कोडपासून नव्यानं बांधून बसवला, शेवटी 'सगळं तयार' असं आलं, मी खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसलेली. पडद्यावर आकडे बदलत होते, पण तिला वाचता येत नाही. डॉक्टर निघून गेले होते. "पुकारलंच न्हाय की लेकरा, मी हितंच हुते," ती म्हणाली. शुगरच्या गोळ्या संपल्या म्हणून आली होती, तशीच परत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दोन दिवस डोकं चक्रावलेलं. प्रोग्रॅम बांधण्याआधी एक तपासणी चालते, या मशीनवर काय आहे, काय नाही याची. अत्यावश्यक काही नसेल तर ती अडून बसते. पण आवाज ही ऐच्छिक गोष्ट. ती सापडली नाही तर तपासणी तिला गुपचूप वगळून पुढं जाते. ढीगभर ओळींत एक ओळ होती, 'आवाज : नाही'. ती मी वाचलीच नव्हती. पण त्या मशीनवर गाणी वाजतात, आण्णा! मी स्वतः लावून बघितली. आहे तरी नाही म्हणतं, म्हणजे काय? शेवटी तपासणीच्या नोंदी उघडल्या. आवाज वाजायला लागतं ते सगळं तिथं होतं, आवाजासकट प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या फायली तेवढ्या नव्हत्या. त्या टाकल्या, तरी 'नाही'च! तपासणीनं जुनं उत्तर जपून ठेवलं होतं, पुन्हा बघायची तसदीच घेतली नव्हती. ते पुसून प्रोग्रॅम पुन्हा बांधला, तेव्हा कुठं दवाखाना बोलायला लागला. आता आवाज नसेल तर कामच थांबेल, असं करून ठेवलंय.

तेव्हापासून का कोण जाणे, तुम्ही डोळ्यांसमोर आहात. यंत्रमागाच्या कारखान्यातून येऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकलेले. आई तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून नळावर गेलीय. डाळ करपते. मी बारावीचं पुस्तक आपटून ओरडतो, "लक्ष कुटं असतंय तुमचं?" तुम्ही माझ्या तोंडाकडं बघता, हसता. "व्हय की, चुकलंच माझं." आम्ही तुम्हाला विसरभोळे ठरवलं आणि घरातली बोलणी तुमच्याविना चालू ठेवली. मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेल्या माणसाला ऐकू येतं का, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी का बोलला नाहीत, हे मला अजून उमगत नाही.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहितो. डाळ करपली त्याच आठवड्यात मी मुद्दाम तुमच्या पाठीमागं उभा राहून हळूच हाक मारली होती. दोनदा. तुम्ही वळला नाहीत. मला कळलं होतं, आण्णा. परीक्षा होऊ दे, मग घरात सांगू, असं म्हणून मी अभ्यासाला बसलो. परीक्षा झाली. मी सांगितलं नाही.