मॉलची पाठ आपल्याकडे

रविवार, १४ तारीख, दुपार

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. (याचा लाँगफॉर्म मला अजूनही येत नाही. पण मोठ्यांना पत्र लिहिताना घालायचं असतं असं बाबा म्हणतात, म्हणून घातलं.)

नाही, पण तू परवा फोनवर म्हणालास ना, "आता बाबांना सांगून टाक, हीच वेळ आहे," त्या 'आता'वरच मी अडकलेय. आताच का? तेव्हाच विचारणार होते, पण आई मागे उभी होती. भांडी पुसतेय असं दाखवत एकच ताट पुसत होती. म्हणून नुसतं 'हो हो' केलं. आणि मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. म्हणून हे पत्र. हसू नकोस, कुरिअरने पाठवतेय.

आधी घरचं सांगते. आईचा गुडघा सोडून बाकीची आई मजेत आहे. वहिनीची चौकशी करते, पण स्वतः फोन करत नाही, 'तिला करू दे आधी' म्हणते. तुमचं तुम्ही बघा. बाबा दिवसातून दहा वेळा चष्मा पुसतात आणि सगळा दोष काचेला देतात.

गल्लीत आता चारदोनच दुकानं उघडी असतात. चपलांचं दुकान गेलं, स्टोव्हवाले गेले. स्टेशनरीवाल्या काकांनी मुलीला मॉलमध्ये बिलिंगला लावलंय आणि स्वतः गिऱ्हाईक असल्यासारखे तिथे एसीत फिरायला जातात. बस आता गल्लीच्या तोंडाशी थांबत नाही, सरळ नव्या कॉलन्यांकडे जाते. तू आला होतास तेव्हा मॉल बांबूंमध्येच होता ना? आता बघ. तोंड सगळं कॉलन्यांकडे. तिकडे काचा, कारंजं, कुंडीतली मोठीमोठी झाडं. आणि आपल्याकडे पाठ. पार्किंगची उंच भिंत, एसीचे डबे, कचऱ्याच्या गाडीचं गेट. आपल्या दुकानावर सकाळी थोडा वेळ ऊन येतं, मग दिवसभर त्या भिंतीची सावली.

तरी मला मॉल आवडतो, हे तुला माहितीये. उद्घाटनाला मी रांगेत पुढे होते. एस्कलेटरवर कारण नसताना वर-खाली केलं. आपलं दुकान तिथे असावं, सगळी भिंत दोऱ्याच्या रिळांची, पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत ओळीने रंग, खाली काचेत बटणं आणि लेस, वर मस्त लाईट, हे चित्रसुद्धा मीच लॅपटॉपवर काढून बाबांना दाखवलं होतं. (बाबा म्हणाले, "छान आहे. यात मी कुठे बसू?") म्हणजे मी काही मॉलच्या विरोधात नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

मॉलचा तो गाळेवाला माणूस हल्ली सारखा येतो. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावरच्या फोटोत मिशी आहे, तोंडावर नाही. बाबा त्याला 'जावई' म्हणतात. कारण आला की खुर्ची मिळेपर्यंत उभा राहतो आणि चहा घेतल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. आई म्हणते, "असला जावई मिळणार असेल तर पोरगी घरीच बरी."

त्यांना आपली सगळी ओळ हवीय, या बाजूने दुसरं गेट काढायला. बदल्यात मॉलमध्ये गाळा. बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, एकटे बाबा उरलेत, आणि महिनाअखेरीला ऑफर संपतेय. बाबा रागावत वगैरे नाहीत. दर वेळी तेच सांगतात, "अहो, एकदा माझं डोळ्याचं ऑपरेशन होऊ द्या. मग मला दोरा दिसेल, दुकान दिसेल, तुमचा मॉलही नीट दिसेल. तेव्हा बोलू."

सगळे हसतात. मला हसता येत नाही, कारण मला 'ते' माहितीये.

फोनवर आपण दोघं नुसतं 'ते' 'ते' करत असतो, इथे एकदा लिहूनच टाकते. बाबा डोळे दाखवायला तुझ्याकडे आले होते, तेव्हा डॉक्टरांनी तुला आत बोलावून सांगितलं की मोतीबिंदू काढून काही उपयोग नाही, मागची नसच सुकत चाललीय, रंग आता परत येणार नाहीत. बाबा तेव्हा बाहेर बाकावर होते. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं काही दिसत नव्हतं. तू मला रात्रीच फोन केलास आणि म्हणालास, "घरात बोलू नकोस, योग्य वेळी सांगू." मी खूप रडले. आणि बोलले नाही. आईलासुद्धा नाही.

दादा, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं ना?

कारण गेल्या मंगळवारी बाबा आत हात धुवायला गेले, तेवढ्यात जावई काउंटरवर वाकून मला हळूच म्हणाला, "ताई, ऑपरेशनची वाट बघण्यात काही अर्थ नाही म्हणतात ना? नसेचा प्रॉब्लेम आहे म्हणे. तुम्हीच समजवा त्यांना."

माझ्या हातातून बटणांचा डबा सुटला. सगळी बटणं जमिनीवर. बाबा आतून ओरडले, "कोट की शर्ट?" म्हटलं, शर्ट. म्हणाले, "मग रडू नकोस, स्वस्तातली आहेत."

मग मी डिटेक्टिव्ह झाले. पहिला संशय टेलर मास्तरांवर, कारण बाबांनी त्यांना दोनदा काळ्याऐवजी गडद हिरवा दोरा दिलाय. सरळ विचारलं, "मास्तर, बाबांच्या डोळ्यांबद्दल तुम्ही कुणाशी बोललात?" ते म्हणाले, "बोलायचं काय त्यात? सावलीत मलाही हिरवा काळाच दिसतो. त्या भिंतीशी जाऊन बोल." मग वाटलं, मीच बोलले असेन का? मैत्रिणींशी, झोपेत, कुठेतरी? कुठेच नाही. शेवटी ठरवून टाकलं की त्या हॉस्पिटलमधलंच कुणीतरी असणार. अरे, तुझं शहर कुठे, हा जावई कुठे! तरी तेच ठरवलं. दुसरं काही ठरवायला मन होत नव्हतं.

आता गुरुवारचं ऐक. मी बाबांना मॉलमध्ये घेऊन गेले. म्हटलं, गाळा बघून तर या. खिशात त्यांनी मास्तरांच्या कोटाच्या कापडाचा तुकडा आणि तीन-चार रिळं घेतली. म्हणाले, "रिकाम्या हाताने दुकान कसं बघणार?" तुला आठवतंय ना, बाबा बल्बच्या उजेडात रंगीत दोरा विकतच नाहीत. कापड आणि रीळ घेऊन उंबऱ्याबाहेर जातात, उन्हात धरतात, मगच देतात. अंधार पडला की 'उद्या या'. गाळ्यात जाऊन त्यांनी तुकडा वर धरला, खाली धरला, पांढऱ्या लाईटखाली नेला, पिवळ्याखाली नेला. मग मला विचारलं, "इथे बाहेर कुठून जायचं?" आणि निघाले! एस्कलेटर नको म्हणाले, जिन्याने उतरले. मी मागे. गेटवर सिक्युरिटीने अडवलं.

"काका, बिल?"

"कसलं बिल? माझाच दोरा आहे."

"सगळे असंच म्हणतात, काका."

"मग सगळ्यांचा रंग जुळतो का, तेही विचारत जा."

कॉलन्यांच्या बाजूला कडक ऊन होतं. बाबांनी तुकडा धरला, दोन रिळं बाजूला केली, तिसरं लावलं. डोळे बारीक केले, पण दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तंतोतंत तो हिरवा. माझे दोन्ही डोळे धड आहेत, मला त्या दोन हिरव्यांतला फरक बाबांनी सांगितल्यावर कळला. म्हणाले, "दोरा घ्यायचा तर माणसांना एवढं उतरून यावं लागेल. नाही जमायचं इथे."

तिथेच माझ्या मनात आलं: नस सुकली, रंग परत येणार नाहीत, मग हे कसं? मी काही डॉक्टर नाही, मला मान्य आहे. असेल काहीतरी सायन्स. पण परत येताना मी बाबांच्या हातातल्या त्या रिळाकडेच बघत होते. ते म्हणाले, "तोंड का पाडलंस? गाळा वाईट नाहीये, नुसता अंधारा आहे."

आणि काल जावई आला. बाबा नव्हते, म्हणून घाईत होता, चहासुद्धा नको म्हणाला. मला म्हणतो, "ताई, शटरवरच्या बोर्डाचं आत्ताच सांगून ठेवा. तुमचे दादा मोबाइलची कव्हरं, चार्जर असंच काहीतरी म्हणत होते ना? की ठरलं दुसरं काही?"

मी म्हटलं, "आमचं दोऱ्याचं दुकान आहे."

तो म्हणाला, "हो हो, आत्ता आहे," आणि पट्टा सारखा करून गेला.

आई परवा म्हणालीच होती, "तुझ्या दादाला कधीपासून दुकानाचा एवढा कळवळा?" मी तिच्यावरच चिडले. वहिनी बोलता बोलता म्हणाली होती की तू हल्ली घरीच असतोस. मला वाटलं, वर्क फ्रॉम होम. नोकरीचं काही झालंय का, दादा? झालं असेल तर सरळ सांग ना. बाबांनी तुझ्यासाठी बटणं सोडून चार्जरसुद्धा विकले असते. कुरकुरत, पण विकले असते.

मी तुझ्यावर आरोप करत नाहीये. तीन वेळा कागद फाडला, शेवटी हेच राहिलं. बाबांना मी नसेचं सांगितलं तर ते त्याच दिवशी सही करतील. ऑपरेशन होणार या एकाच भरवशावर ते अडून बसलेत. आणि नस बिस काही नसेल, तर सही झाल्यावर त्यांना ते दुकान मी कुठून परत आणून देऊ? डॉक्टरांचं बोलणं तू एकट्यानेच ऐकलंस. तेव्हा मला यात काहीच विचित्र वाटलं नाही, कारण तू दादा आहेस.

म्हणून मी बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. उद्या इथल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चाललेय. चष्म्याचा नंबर काढायला, असं सांगितलंय. आत मीही बसणार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर आम्ही जाऊन आलेलो असू, आणि मी तुझ्या फोनची वाट बघत असेन. आई समोर असली तरी उचलेन.

वहिनीला नमस्कार. तुला काय लिहू, ते उद्यानंतर ठरवते.

तुझीच,
धाकटी

ता. क. मला खरंच मनापासून वाटतंय की तूच बरोबर निघावंस, आणि असं वाटणं म्हणजे बाबांचे डोळे गेलेले असावेत असं वाटणं. बघ कुठे आणून ठेवलंयस मला. खरं सांग दादा, तुला काय वाटतं, उद्या डॉक्टर काय म्हणतील?