पिवळी रेघ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ डिसेंबर २०२४

ती. आक्कास, महानंदाचा नमस्कार.

अंगण झाडलं, दूध तापवून झाकून ठेवलं, ह्यांच्या गोळ्या वाटीत काढल्या आणि बुटांच्या नाड्या बांधायला पायरीवर बसले. ती सकाळ रोजच्यासारखीच होती. हे दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "पाच पुरं करून ये. मधनंच फिरू नको." मी म्हटलं, "तुम्ही आधी गोळ्या घ्या. मला नुसतं व्हय व्हय करू नका." हसले. तुला पत्र लिहायला घेतलं की आधी तीच सकाळ येते, म्हणून तीच आधी लिहून टाकली.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सोमेशबरोबर पाठवलेली बासुंदी मिळाली. एकटीला किती लागणार, निम्मी शेजारी दिली.

शांभवीनं पुण्याहून मला पळताना घालायचं घड्याळ पाठवलंय. फोनवर एकच धोशा, "आई, वर्षाचा आढावा घे, पुढचं टार्गेट ठरव." जानेवारीतल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत नावही घातलंय माझं, साठीवरच्या बायकांत. मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, साठीनंतर वेग दरवर्षी थोडा कमी होतो, मनाला लावून घेऊ नये. मला हसू आलं. माझा तर वाढत होता! मी आले की हे गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "आजबी लवकर? म्हातारी व्हायचं इसरलीस काय गं?"

घरातून निघायचं, रंकाळ्याच्या कठड्यावर ह्यांनी ऑइलपेंटनं मारलेल्या पिवळ्या रेघेपर्यंत जायचं आणि परत यायचं, की पाच किलोमीटर. माप ह्यांचंच. जन्मभर उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस, मी कशाला शंका घेऊ? पहाटेच्या अंधुकात कठड्याचे दगड सगळे सारखेच. रेघ दिसली की मी फिरायची.

घड्याळ म्हणालं, चारसुद्धा भरत नाहीत.

मला वाटलं घड्याळ बिघडलं. ह्यांच्याबरोबर लेथवर असलेल्या कृष्णातभावजींना परवा स्कूटर घेऊन बोलावलं. त्यांनी मोजलं. "वैनी, घड्याळ बरोबर हाय." मग कठड्याकडेनं चालत पुढं गेले आणि तिथनं हाक मारली. एका दगडावर खरवडून काढलेल्या पिवळ्या रंगाचे डाग. थोडं पुढं आणखी एक. त्याच्या पुढं आणखी.

"सुताचा फरक खपवून घेत न्हवता आण्णा," भावजी म्हणाले. "हे चुकून झाल्यालं न्हाय. वयानं तुमचा वेग कमी हुतोय, ते तुम्हाला कळू न्हाय म्हणून केलं असंल. लई जीव हुता की."

मी व्हय म्हटलं.

त्यांना व्हय म्हटलं, पण तुला खरं सांगते. रस्ता कमी व्हायला लागला तो ह्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली त्या उन्हाळ्यापासून. त्या आधी मी परतायची वेळ कधी बदललीच नव्हती. घरात एकटं बसायला ते भीत होते, आक्का. "जाऊ नको" म्हणाले असते तर मी बुटाला हात लावला नसता. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच म्हणाले नाहीत. आणि मी रोज शेखी मिरवत घरात शिरायची.

खुर्चीत डुलकी लागली आणि गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. तसं नव्हतं. मी आले तेव्हा खुर्ची रस्त्याकडं फिरवलेली होती आणि पायात चपला होत्या. गोळ्या वाटीतच. दूधवाला बाळासो रडत होता, "आत्ता बोलत हुते माझ्यासंगं. वळणावर दिसती काय बघ, म्हणाले."

त्या दिवशीही मी रेघेवरूनच फिरले होते. कुठं थांबले नव्हते. आणखी किती अलीकडं मारायला हवी होती ती रेघ?

आता शांभवीला काय आढावा देऊ? ज्याला मी माझा वेग समजत होते ती त्यांची भीती होती. भांडायला माणूस नाही. शर्यतीतली खूण माझ्यासाठी कोण अलीकडं आणणार? नाव काढून टाक म्हणावं, तर ती कारण विचारणार. ते मला तिला सांगता यायचं नाही. तू सांगू नकोस.

मला धीराचे चार शब्द नको लिहूस, तुझ्या गुडघ्याचं तेवढं कळव.

हे परवाचं झालं. काल सकाळी मी पिवळ्या रेघेपर्यंत पळाले. तिथून त्या सगळ्या खरवडलेल्या डागांवरून हात फिरवत शेवटच्या डागापर्यंत चालत गेले. परतताना पाय उचलेनात, म्हणून रिक्षा केली. आपल्या वळणाच्या अलीकडं उतरले आणि तिथून दारापर्यंत पळत आले.

तुझी,
महानंदा