डाव्या गालावर तीळ असलेलं कबुतर

उमरेड, ता. ८ जानेवारी १९७८

चि. सौ. चंद्रकला हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

यंदा मी नागपूरच्या पाखरांच्या मेळ्याले येत नाही. काहून येत नाही ते वाचून तुलेही राग येईन.

रानातले पोपट-मुनिया धरून पिंजऱ्यात कोंबून विकत होते, म्हणून सरकारनं यंदापासून नियम केला, की दाखल्याशिवाय एकही पाखरू मेळ्यात आणायचं नाही. यात वावगं काही नाही. ते पिंजरे मलेही पाहवत नव्हते. मी आपल्या कबुतरांसाठी फॉर्म मागवला, चष्मा लावून भरला, पाठवला. तो परत आला. वर लाल शाईत शेरा, 'जात यादीत नाही. वय अशक्य.'

आता सांग! उभा जन्म मागावर गेला. लोकांनी कोष्ट्यानं विणलेलं लुगडं नेसलं तेव्हा जात चालली, अन् कबुतर दाखवाले चालत नाही? आणि वय अशक्य म्हणजे काय वं? मी जिवंत आहे ना!

जावईबापूंना आशीर्वाद. मेळा नाही तर येणंही नाही, म्हणून माझ्यासाठी तुरीच्या शेंगा घेऊन ठेवू नको. तुझ्यावर राग नाही, माया आहे तशीच आहे.

तुझा बाबा,
ईश्वरदास

प्रताप नगर, नागपूर, ता. १३ जानेवारी १९७८

तीर्थरूप बाबांस, चंद्रकलेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी यांना सोबत घेऊन मी दाखल्याच्या कचेरीत गेले आणि तुमचा फॉर्म पाहायला मागितला. बाबा, मी तिथंच खुर्चीवर बसून इतकी हसले, की साहेबांनी मला पाणी मागवलं.

अहो, तो फॉर्म पाखराचा होता! 'पालकाचे नाव' म्हणजे पाखरू पाळणाऱ्याचं, म्हणजे तुमचं. तुम्ही तिथं आजोबांचं नाव घातलंत. जात, कोष्टी. वय, एकसष्ट. रंग, सावळा. ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ! साहेब म्हणाले, बावीस वर्षांच्या नोकरीत असं कबुतर पाहिलं नाही, एकदा पाहायची इच्छा आहे.

नवा कोरा फॉर्म सोबत पाठवते आहे. त्यात कबुतराची जात लिहा, आणि शनिवार, एकवीस तारखेच्या आत पोचता करा. मेळा एकोणतीसला आहे. संक्रांतीचा हलवाही पाकिटात घातला आहे, चार दाणे तरी शाबूत पोचोत. तोंडात टाका आणि माझ्याशी गोड बोला.

लेकीवरची माया कमी करू नये, एवढंच मागणं.

तुमची,
चंद्रकला

उमरेड, ता. १६ जानेवारी १९७८

चि. सौ. चंद्रकला हिला आशीर्वाद.

हलव्याचा भुगा झाला होता, पण चाटून खाल्ला. हासून घे, पोट्टे, पोट भरून हासून घे. मी शेजारच्या देवाजीले सांगतलं, तर तो दोन दिवसांपासून मले 'काय गा कबुतरा' म्हणून हाक मारून राहिला.

पण खरी पंचाईत आता आहे. फॉर्माच्या मागं जातींची यादी आहे. लक्का, लोटन, गिरेबाज, अशी. आपली पाखरं यातली एकही नाहीत. त्यांचा आजा गिरेबाज होता, आजी देवळाच्या शिखरावरची जंगली. तुझ्या आईनं तिले ज्वारी घालून घालून घरची केली. देवाजी म्हणते, गिरेबाज लिहून मोकळा हो, कोण पाहते? मी खोटं लिहिणार नाही. तुझ्या आईनं सांभाळलेली पाखरं दुसऱ्याच्या नावावर खपवू काय?

रकाना रिकामा सोडून फॉर्म पाठवला आहे. दाखला मिळणार नाही, हे मले माहीत आहे. वाईट वाटून राहिलं, पण इलाज नाही. तू खुशालीचं लिहीत जा.

ईश्वरदास

प्रताप नगर, ता. २१ जानेवारी १९७८

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

आज शेवटचा दिवस म्हणून सकाळी दहालाच कचेरीत जाऊन बसले. साहेब म्हणाले, रिकाम्या रकान्यावर सही करता येत नाही. मग मी त्यांना आईची ज्वारी सांगितली, देवळावरची ती आजी सांगितली. आणि बाबा, सांगता सांगता मला रडूच आलं. मी म्हणून गेले, की साहेब, मेळा असतो म्हणून माझे वडील वर्षातून चार दिवस माझ्या घरी येतात. एरवी, लेकीच्या घरी उगीच कशाला, म्हणतात. तुमचा दाखला नाही मिळाला तर माझा बाप येणार नाही.

साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. मग त्यांनी विचारलं, ही पाखरं किती पिढ्या उमरेडला आहेत? मी म्हटलं, तीन. त्यांनी फॉर्म उलटा केला, मागच्या यादीखाली हातानं एक ओळ वाढवली आणि दाखल्यावर लिहिलं, 'जात, उमरेडी'. वर शिक्का!

बाबा, सरकारी कागदावर उमरेडी! आता या. शेंगा आणून ठेवल्या आहेत.

वाट पाहणारी,
चंद्रकला

उमरेड, ता. २ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. चंद्रकला हिला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या गच्चीवरून सोडलेली जोडी एसटीच्या आधी घरी येऊन बसली होती. मेळ्यात बक्षीस एका लक्क्यालेच गेलं, जाऊ दे. पण पाच जणांनी विचारलं, भाऊ, ही उमरेडी जात मिळते कुठं? मी काही सांगतलं नाही, नुसता मिशीतल्या मिशीत हासत राहिलो.

तुझ्या गच्चीवर खोक्यात त्या जोडीची दोन पिल्लं राहिली. मी विसरलो नाही, मुद्दाम ठेवली. कालच स्वतःचे दाणे टिपाले लागली आहेत. ती तिथंच उडाले शिकतील अन् तिथंच परततील. त्यांना नीट शिकवाले माणूस लागते, म्हणून मी येत्या शनिवारी येतो. मग पुढच्याही शनिवारी यावं लागन.

खरं सांगू काय? पिल्लं आपसूक उडतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तू कचेरीत जे बोलली, ते पत्रात वाचलं तवापासून मनातून जाऊन नाही राहिलं. इतकी वर्षं मी मेळ्याची वाट पाहत बसलो, बह्याडच होतो, निव्वळ येडा.

शनिवारी पहिल्या गाडीनं निघतो. चहा टाकून ठेव.

तुझा,
बाबा