लाल वही विकीला मिळणार नाही

काल आधी विकी आला, पेढे घेऊन. मागून त्याचे साहेब. हा माझा पुतण्या सहा वर्षं गणपतीलाही फिरकला नाही, काल वाकून पाया पडला. म्हणून मृत्युपत्र आजच लिहिते.

मी विमला धोंडिराम राऊळ, वय ७८, चौथी पास, राहणार मुलुंड पूर्व. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आले होते, ते चहा पिऊन गेले.

खोली आणि बँकेत असेल ते मुलगा सुशांत याला. त्यात वाद नाही.

आता लाल वही. मी कुळथाचं पीठ विकते. ह्यांच्या वेळेपासून घरचा नियम, दुकानाची पाटी लिहायची तर जेवल्यावर आधी प्रत्येकाने एक येडपट गोष्ट सांगायची. शहाणं बोलेल त्याने भांडी घासायची. सगळं वहीत उतरवायचं. नात ऋतिका आठ वर्षांची होती, म्हणाली, "आजी, कुळीथ घोडे खातात ना? मग दुकानात घोडाच बसव!" हसून हसून पोट दुखलं. त्यातूनच पाटी झाली : 'घोडे रांगेत आहेत. आधी तुम्ही घ्या.' दोन दिवसांत पीठ खलास. अजून गिऱ्हाईक विचारतं, "काकी, घोडे कुठवर आले?"

विकी तेव्हा जेवायला असायचा. येडं कधी बोलला नाही, भांडीही घासली नाहीत. नुसता ऐकायचा. पुढे त्याच्या जाहिरात कंपनीने दुधासाठी म्हशी रांगेत उभ्या केल्या. बक्षीस विकीला.

काल साहेब म्हणाले, "आजी, वही नुसती चाळतो." मोबाईल हातात तयार. मी म्हटलं, "आधी एक येडपट गोष्ट सांगा."

"आधी ग्राहकाचा अभ्यास करावा लागेल."

"काकी, साहेबांना वेळ नाही गं," विकी म्हणाला.

"मग वहीलाही नाही रे."

सबब लाल वही, पाटी आणि पिठाचा धंदा ऋतिकाला. वही विकू नये, कुणाला फोटो काढू देऊ नये. रोज येडं बोलावं, लिहावं. विकीला वही हवीच असेल तर माझ्या पैशांनी कोरी आणून द्यावी.

हे दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. श्यामसुंदर मध्येच हसले, तरी सही नीट केली.

सही : विमला धोंडिराम राऊळ
साक्षीदार : १) वसुधा मार्तंड गोखले, शेजारीण २) श्यामसुंदर यादव, गिरणीवाले
मुलुंड, बुधवार, २१ जानेवारी २०२६

सुशांत मला शुक्रवारी नोंदणीला नेतो आहे. विकी आणि साहेब रविवारी परत येतो म्हणालेत.