उरलेली अर्धी बाटली

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनाने पुरती आडवी झाले आहे, तेव्हा गोड मानून घ्यावा.) तब्येत कशी आहे? डावा खांदा, पोट आणि स्वभाव, तिन्हींचं वेगवेगळं कळवा. मी इकडे मजेत आहे. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं किती मानायचं ते शेवटपर्यंत वाचून ठरवा. आणि मुख्य म्हणजे हे पत्र भाचीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगू नका. उशीखालचा चष्मा काढा आणि स्वतः वाचा. यात वाईनचा विषय आहे, आणि जावईबापूंच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या सासूबाईंनी आयुष्यात सरबतापेक्षा कडक काही तोंडाला लावलेलं नाही.

भाचीचं पत्र मिळालं. आईचं उरलेलं सामान पाठवून द्या म्हणते: राखाडी स्वेटर, जाड कोट, खिडकीतल्या खुर्चीची उशी, टेबलावरचा दिवा. म्हणजे आईला इथे आपलंसं वाटेल, असं तिने लिहिलंय. पोर गुणाची आहे, मनात काही वाईट नाही, पण ते वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं. बाळ चालायला लागेपर्यंत लेकीकडे जाते म्हणाला होतात. बाळ आता पळतं असं ऐकते. पुढे ते सायकल शिकेल, शाळेत जाईल, नोकरीला लागेल. बाळांचा काही भरवसा नसतो. आणि दिवासुद्धा तिकडे गेला, म्हणजे तुम्ही तिकडच्याच झालात की नाही? मी हे कुणाला विचारू? भाचीला विचारलं तर तिला वाटेल मामी आईला ओढून न्यायला बघते. (वाटेल ते खरंच आहे, पण तिला वाटायला नको.)

तुम्ही गेल्यापासून शनिवार हा फार अवघड वार झाला आहे. तुम्हाला आपली पहिली बाटली आठवते का? मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा पार्सल काउंटरच्या मंडळींनी ती पोर्तुगालची लाल वाईन निरोपाची भेट म्हणून दिली होती. (घड्याळ द्यायचं ठरलं होतं, पण मी घड्याळाकडे बघत काम करत नसे हे त्यांना फार जाचलं होतं.) तुमचे बंधू नुकतेच गेले होते, आणि या घरात आपण दोघी, एकीने मीठ जास्त घातलं की दुसरीने काही न बोलता घटाघटा पाणी पिऊन दाखवायचं, अशा रीतीने नांदत होतो. बाटली उघडायचं हत्यार घरात नव्हतं. तुम्ही जन्म काढला चपलाबुटांच्या दुकानात, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण बूट चढवायच्या शूहॉर्नने सुटते अशी तुमची श्रद्धा. त्याच्या दांड्याने तुम्ही बूच आत ढकललंत. थोडी वाईन भिंतीवर उडाली (तो डाग अजून आहे, रंगाऱ्याला मी तिथे हात लावू दिला नाही) आणि बाकीची आपण चहाच्या कपांतून प्यायलो. दुसऱ्या कपानंतर तुम्ही मला सांगितलंत, की माझा स्वयंपाक तुम्हाला कधीच आवडला नाही. मी म्हणाले, ते मला या घरात आल्यापासून माहीत आहे. मग आपण दोघी इतक्या हसलो की खालचे दाताचे डॉक्टर काय झालं ते बघायला वर आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाऊन कॉर्कस्क्रू आणलात, आणि माझ्या हातून बूच मोडतं म्हणून तो कायम स्वतःच्या ताब्यात ठेवलात.

तिथून आपला जगाचा प्रवास सुरू झाला. मी काउंटरवर बसून देशोदेशीची पार्सलं तोलली, त्यांवर शिक्के हाणले, आणि स्वतः मात्र बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे कधी गेले नाही. चिलीचं पार्सल आलं की वाटायचं, एवढ्या लांब कोण राहत असेल बाई. आता तिथलीच बाटली दर शनिवारी आपल्या टेबलावर येऊन बसायला लागली. आपला नियम पक्का होता: गुडघ्याखालच्या फळीवरचीच वाईन घ्यायची. नजरेसमोरच्या फळीवर असतात त्या बाटल्या नजर लागायच्या किमतीच्या, आणि साध्या माणसांनी रोज प्यायच्या असतात त्या सगळ्या खाली जमिनीशी. दक्षिण आफ्रिकेची पांढरी, स्पेनची लाल, अर्जेंटिनाची ती काळसर, आणि हंगेरीची, जिचं नाव आपल्याला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. वाकायचं काम तुमचं, कारण तुमचे गुडघे लोकांच्या पायाशी बसून बसून तयार झालेले. पिशवी धरायचं काम माझं. घरी आल्यावर तुम्ही मागचं लेबल वाचायचात. या वाईनमध्ये आलुबुखार, तंबाखू आणि चामड्याची छटा आहे, असं लिहिलेलं असे. तुम्ही घोट तोंडात घोळवून निकाल द्यायचात, की चामडं आहे खरं, पण हलक्या प्रतीचं, एका पावसात सोल सुटेल. मला आलुबुखारही लागायचा नाही आणि तंबाखूही. मला बरं वाटायचं एवढंच कळायचं.

आता मी एकटी दुकानात जाते. खालच्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही म्हणून तो दाढीवाला दुकानदार मदतीला धावतो, आणि वाकायच्या ऐवजी वरची काढून देतो. शिवाय कॉर्कस्क्रू जागेवर नाही. तो तुमच्या पर्समधून तिकडे गेला असणार. तेव्हापासून मी फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्याच आणते. बुचाची एक आहे, पोर्तुगालचीच, आपल्या पहिल्या बाटलीची सख्खी बहीण. ती कपाटावर तशीच उभी आहे. पण खरी अडचण बुचाची नाही. बाटली हा प्रकारच मुळात दोघांसाठी केलेला आहे, हे तुम्ही गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. एकटीने सगळी संपवली तर रविवार आडवा जातो. अर्धी ठेवली तर दोनतीन दिवसांत तिचा स्वभाव हुबेहूब तुमच्यासारखा होतो. मग मी तिने बाथरूमचे नळ घासते. (अर्जेंटिनाने विशेष चकाकी येते. स्पेनने डाग पडतात.)

एकदा धीर करून दाताच्या डॉक्टरांना वर बोलावलं. म्हटलं, सभ्य गृहस्थ आहेत, अर्धी बाटली सत्कारणी लागेल. त्यांनी ग्लास उजेडात धरला तेव्हा मला वाटलं, चला, जाणकार दिसतात. तर ते मला हा रंग दातांच्या कुठल्या फटीत जाऊन बसतो ते समजावून सांगायला लागले. प्रत्येक घोटानंतर उठून चूळ भरून येत होते. जाताना म्हणाले, फार छान संध्याकाळ गेली, पुढच्या आठवड्यात तुमची वरची दाढ बघू. मी दाढ दाखवायला गेलेच नाही.

आता मुख्य प्रकार सांगते, तुम्हाला दुसरीकडून कळायच्या आत. भाचीने मागितलेलं सामान एकदम पाठवलं असतं तर तुमची खोली रिकामी झाली असती, म्हणून मी एकेक वस्तू पाठवायची असं ठरवलं. आधी स्वेटर. स्वेटरची घडी घालताना समोर टेबलावर स्पेनची अर्धी बाटली दिसली, आणि माझी बुद्धी फिरली. मला वाटलं, ही अर्धी त्यांची आहे, त्यांची त्यांना पोचली पाहिजे. शेकायची रबरी पिशवी घेतली, तीत वाईन ओतली, हवा दाबून काढली, झाकण आवळलं, वर स्वेटर गुंडाळला आणि खोका बांधला. कोण करतंय हे? मी! जिने जन्मभर प्रत्येक पार्सल कानाशी धरून हलवलं, आत डुबुक वाजलं की परत केलं, जिने एका आईची परगावच्या मुलासाठी निघालेली मधाची बरणी काउंटरवरून माघारी धाडली, ती मी खोका छातीशी धरून आपल्याच पोस्टात रांगेत उभी राहिले.

काउंटरवर चिमणी होती. (माझ्या जागी आलेली ती बारकी मुलगी. तिला सगळं मीच शिकवलंय.) तिने खोका कानाशी धरून हलवला. आवाज नाही. हवा काढलेली असली की आवाज होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आवाज न करणारं जड पार्सल दाबून बघायचं असतं, हेही मीच तिला शिकवलं होतं, ते ऐन वेळी विसरले. तिने दाबलं. झाकण मी आवळलेलं, म्हणजे किती घट्ट असणार ते तुम्ही जाणताच. खोक्याच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला आणि रांगेतला एक गृहस्थ रक्त, रक्त, म्हणून ओरडायला लागला. चिमणीने शांतपणे मला विचारलं, आत द्रव पदार्थ आहे का? माझाच प्रश्न, माझ्याच सुरात. मी म्हणाले, औषध आहे. ती म्हणाली, ‘‘बाई, औषधही चालत नाही. तुम्हीच सांगितलं होतं.’’ एवढी शरमले, पण खरं सांगू? शिष्येचा अभिमानही वाटला.

खोका जप्त झाला. संध्याकाळी शटर ओढल्यावर मंडळींनी मला आत बोलावलं आणि पुरावा चहाच्या कपांतून वाटून टाकला. रबराची अशी काही चव लागत होती की तुम्ही असता तर गमबुटाचा नंबरसुद्धा सांगितला असता. सगळे हसत होते, मीही हसत होते. मग चिमणीने सहज विचारलं, हे कुणासाठी चाललं होतं? मी म्हणाले, आमच्या वन्संसाठी. एवढं बोलले आणि मला रडू कोसळलं. ज्या काउंटरवर मी भल्याभल्यांना रडवलं, तिथेच वजनकाट्यावर हात टेकून मी रडले, वन्सं. चिमणीने स्वेटर माझ्या हाती परत दिला आणि मला घरापर्यंत सोडलं.

तर स्वेटर धुवायला टाकला आहे आणि त्याचा डाग निघत नाही, त्यामुळे बाकीचं सामान यायला वेळ लागेल, असं भाचीला सांगा. कोट, उशी, दिवा सगळं जागच्या जागी आहे. खोलीची खिडकी मी रोज उघडते. तुमच्या खुर्चीत अजून कुणाला बसू दिलेलं नाही. डॉक्टर बसायला निघाले होते, त्यांना मी ती मोडकी आहे म्हणून सांगितलं. मला तुमची फार आठवण येते. समोर असता तर हे बोलले नसते, मिठावरून भांडले असते. पण भांडायला तरी समोर माणूस लागतंच ना? बाळाला माझा पापा, भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, आणि तुम्हाला जे काय म्हणायचं ते वर म्हणून झालंच आहे.

तुमची,
अजूनही मीठ जास्त घालणारी
वहिनी

ता. क. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला घेतलं होतं आणि तेच राहिलं: कॉर्कस्क्रू तेवढा पाठवून द्या. कपाटावरच्या बाटलीवर धूळ बसतेय. नवा बाजारात मिळतो, मला माहीत आहे. मला आपलाच हवा आहे.

ता. क. दुसरा. पोस्टाने पाठवू नका. टोकदार वस्तू चालत नाहीत, चिमणी अडवेल. कुणाच्या हाती देऊही नका, लोक हरवतात. तुम्ही स्वतः घेऊन या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तर स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेल्या तुमच्या ॲप्रनच्या खिशात कॉर्कस्क्रू लागला. (ॲप्रन मी तुम्ही गेल्यापासून धुतलेला नाही, का ते विचारू नका.) त्या खिशात बघावं असं आधी सुचलं नव्हतं असं लिहिणार होते, पण सुचलं होतं. बघितलं नाही. आता तो पुन्हा खिशातच ठेवला आहे. वरचं काही खोडत नाही, खाडाखोडीचं पत्र पोस्टातल्या बाईला शोभत नाही. एवढंच, की आता आणायचं असं काही राहिलेलं नाही. नुसत्या या.