कप्तान लूचे हिवाळी कपडे

नानपो,
दहाव्या महिन्याचा चौथा दिवस

प्रिय ताईस,

शूनिंगचा नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी तर फारच बरी आहे, ते तू परवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंसच.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्याच टोपलीतून पाठवते आहे. टोपली रिकामी कशी परत करायची? पहिल्या तोडणीचे, सोलून वाळवलेले पर्सिमन घातलेत. वाळताना फळातून सुटते ती पांढरी साखर त्यांच्यावर अजून नीट चढलेली नाही. गार जागी ठेव आणि आठवडाभर तरी भावोजींचा हात लागू देऊ नकोस.

तू आणलेली वाफवलेल्या कणकेची फुलं आम्ही खाल्ली. रागावू नकोस. ती मेलेल्या माणसासाठी होती आणि ते माणूस मीच, म्हणून पहिलं कमळ मी उचललं. पाकळ्या काय सुरेख काढल्यास गं! शेजारची दोंग आजी म्हणाली, "अशी फुलं मिळणार असतील तर मीही एकदा मरून बघते."

आता झालं काय ते सांगते, कारण तू ऐकून न घेताच निघून गेलीस.

आमच्या छपरात पर्सिमन सोलायला आम्ही सगळ्या बायका बसतो. हंगाम मोठा आणि गावातल्या भानगडी थोड्या. पंधरवड्यात गप्पा संपल्या. मग माझ्या सुनेनं, श्याओमाननं, फळं टांगायच्या आकड्याला फोन अडकवला आणि एक कादंबरी लावून दिली. एक माणूस ती वाचतो. राजाचा आवाज वेगळा, हेराचा वेगळा, तारे फुटतात तेही तोच फोडतो. गोष्ट आकाशातली. साम्राज्यं किती, ते मला अजून कळलेलं नाही. भाग इतके, की श्याओमान म्हणाली, "आई, दोन हंगाम पुरेल."

पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. दोंग आजीला तर एकच काळजी: "एवढी माणसं त्या जहाजात कोंडली आहेत, तर संडासाचं काय?" पण चौथ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसली. लढाई सुरू झाली की सुऱ्या थांबायच्या आणि फळं तशीच राहायची. शेवटी श्याओमाननं नियम केला. दरबारातली भाषणं सोलताना ऐकायची आणि लढाया टांगताना. टांगायला हात लागतात, डोकं लागत नाही.

या सगळ्यात कप्तान लू आमचा. म्हातारा, ढेरपोट्या, जहाज त्याच्याहून म्हातारं. बायको नाही, मूल नाही, आणि जहाजावरच्या प्रत्येक पोराला विचारणार, जेवलास का. सगळ्या बायका त्याच्यावर फिदा. आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी, नेमका ज्या दिवशी आपण आपल्या मेलेल्यांना कागदाचे हिवाळी कपडे जाळून पाठवतो त्याच दिवशी, दुपारी तो मेला. पोरांना छोट्या होडीत बसवून लावून दिलं आणि स्वतः मागे राहिला.

छपरात हुंदकेच हुंदके. दोंग आजी म्हणाली, "तिथे वर किती गारठा असेल. त्याला मागेपुढे कोणी नाही. त्याचे कपडे कोण जाळणार?"

झालं! दिवस मावळताना सगळ्या माझ्या दारासमोर जमल्या. कागदाची जाड बंडी, विजार, वर टोपी. खडूनं वर्तुळ काढलं आणि तिथेच अडलं. वर्तुळात एक फट सोडून तिचं तोंड कबरीच्या दिशेला ठेवायचं असतं. याची कबर कुठे? दोघी पूर्वेसाठी भांडल्या, एक म्हणाली वायव्येला जहाज फुटलं. शेवटी दोंग आजीनं फट बुजवून वर्तुळ पूर्ण केलं आणि कपडे वर आकाशात चढावेत म्हणून शेजारी भिंतीला शिडी टेकवून ठेवली. मग पेटवलं आणि सगळ्यांनी गळा काढला.

आता ते पर्सिमन खरेदी करणारे हाओ आठव. त्याच वेळी ते टेम्पो घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले. त्यांना काय दिसलं? माझं दार, दारात आग, पांढरे एप्रन आणि डोक्याला पांढरी फडकी बांधलेल्या बायका छाती पिटताहेत. अगं, ती फडकी आम्ही फळांत केस पडू नयेत म्हणून बांधतो! सगळ्या होत्या, फक्त घरची मालकीण नव्हती. भला माणूस, चौकशी न करता टेम्पो वळवला आणि थेट तुझ्या गावात जाऊन सांगितलं, शूनिंग गेली.

मी कुठे होते, ते मागाहून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या दारात आलो. माझ्या हातात अर्धा सोललेला पर्सिमन होता. तू पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून, भाच्याच्या खांद्याला धरून येत होतीस. "शूनिंग, मी तुला दगड म्हटलं! ऊठ आणि माझ्या थोबाडीत मार! आईला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणत माझ्यासमोर येऊन थांबलीस आणि डोळे उघडलेस.

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, "ताई, जेवलीस का?"

"तू मेली नाहीस?"

"नाही."

"मग मेलं कोण?"

"कप्तान लू."

"हा कोणाचा कोण?"

इथेच सगळ्या थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण दोंग आजीनं तुझा हात धरला आणि पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली. तू टोपली ठेवलीस आणि निघून गेलीस. बायका हसल्या, खरं आहे. तुला नाही हसल्या, पण ते तुला कसं पटावं.

आता मी कुठे होते ते. मी आत स्वयंपाकघरात होते. मरायच्या आधी त्या कप्तानानं आचाऱ्याला सांगितलं, "पेजेवर झाकण ठेव, पोरं येतील." शेवटच्या दिवशी आईनं मला हेच सांगितलं होतं. "शूनिंग, भिजवलेल्या कणकेवर ओलं फडकं टाक, माणसं येतील." मी फडकं टाकून आले तोवर ती गेलेली होती. आणि माणसं आलीच की. तीन दिवस मी शेवयांची कणीक लाटत होते ताई. तू पुढे बसून रडत होतीस आणि मी मागे लाटत होते. मला बाहेर बोलावलं तेव्हा हात पिठाचे होते आणि डोळे कोरडे होते. तू सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालीस, ही दगड आहे. मला ते फार लागलं. आजही लागतं.

कणकेच्या भांड्याशी उभी राहून परवाच्या आदल्या संध्याकाळी मी आईसाठी रडले. आधी वाटलं कप्तानासाठीच. मग थांबेना, तेव्हा कळलं.

तू गल्लीत जे बोललीस ते मी ऐकलं. मेलेल्या बहिणीसाठी बोललीस, पण ऐकलं जिवंत बहिणीनं, म्हणून आता लाजू नकोस आणि ते परतही घेऊ नकोस. मला ते हवं होतं.

महिनाअखेरीस आईचा दिवस आहे. आपली गाठ पडू नये म्हणून तू कबरीवर सकाळी जातेस आणि मी दुपारी. तुझ्या उदबत्तीची राख दरवर्षी मला सापडते. या वर्षी मी सकाळी येणार आहे. ताई, कृपा करून तू दुपारी जाऊ नकोस.

तुझीच,
शूनिंग