आधी औषधाचे लिहिले

वाघोली, आषाढ शु॥ ५, शके १६९३

तीर्थरूप मामंजींचे सेवेसी, सून सोजरबाईचा दंडवत. वि. वि. कुलकर्ण्यांकडून लिहवून घेते आहे. आपण पुण्यास गेल्यापासून कळपाला उतार नाही. मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरले आहे, लेंडीत जंत पडतात. चार मेल्या. वैद्यास विचारून औषध पाठवावे.

कर्नाटकातून फौज परतली म्हणतात. आपण गेलात ते आपल्या लेकाची खबर काढायला, आणि तीच लिहीत नाही. ते भेटले की सांगावे, उशीर केला म्हणून मी रागावणार नाही. माझ्या भाकरीला नावे ठेवायची खोड तिकडे मोडली असेल, असेही सांगावे. आपली छाया असावी.

पुणे, कसबा, आषाढ शु॥ ९

चि. सौभाग्यवती सोजरबाईस सोनबाचे आशीर्वाद. वैद्यबुवांनी सांगितले ते नीट ऐक. पळसाच्या बिया व वावडिंग पाठवले आहे. बिया भिजवून साल काढ, वाळवून कूट, वावडिंग घालून काढा कर. निवल्यावर बांबूच्या नळीने पाज. मेंढीची मान फार वर करू नकोस, ठसका लागून मरेल. गाभण मेंढीला अजिबात देऊ नकोस, गाभडेल. कोकरांना थोडाच. ओल्या कुरणात नेऊ नकोस, माळावर चार. काढा कडू, थुंकतील. घाई करू नकोस.

आणखी काय लिहू. इथे पाऊस आहे. मला यायला वेळ लागेल. जेवत जा, पोरी.

वाघोली, आषाढ व॥ २

तीर्थरूप मामंजींस सोजरबाईचा दंडवत. काढा लागू पडला. जंतांचे गोळे पडले, मेंढ्या चरू लागल्या. एका गाभणीला देता आला नाही, ती गेली.

फौजेत त्यांच्यासोबत असलेला संपत काल घरी आला. दारात उभा राहिला, पाणीही घेईना. वैशाखातच छावणीत हिवतापाने ते गेले, नदीकाठी माती दिली, म्हणाला. आपणास पुण्यात हे पहिल्याच भेटीत सांगितले, असेही म्हणाला.

मला राग नाही. कुलकर्णी मोठ्याने वाचतील, चारचौघांत मला ऐकावे लागेल, म्हणून आपण लिहिले नाही, हे कळते. पण मेंढीच्या मानेची इतकी काळजी लिहिलीत, आणि मच्छिंद्र तर आपला लेक. परगावी कुणाजवळ रडलात?

मला सौभाग्यवती आता लिहू नये. बांगड्या अजून हातात आहेत. बायका आल्या होत्या, मी त्यांना परत पाठवले. आपण आलात की उतरवीन. एकटीने होत नाही.

पत्र नको, आपणच यावे.